केरनचा अंक आणि कात्री

कोल्हापूर, ५ ऑक्टोबर २०२४

ती. आक्कास यशराजचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

मोबाईल रागाच्या भरात रंकाळ्यात भिरकावला, म्हणून हे पत्र. कारण ऐक.

कॉलेज अर्ध्यात सोडून मी जुने पेपर गोळा करतो, तेबी ज्यांनी लढाई डोळ्यांनी बघितली त्यांनीच लिहिलेले. गेल्या महिन्यात रद्दीत एप्रिल १९४१ चं साप्ताहिक घावलं. आफ्रिकेतल्या केरनच्या लढाईवर एका जखमी शिपायानं लिहिलंय. त्यात चार ओळी अशा की, गोळ्यांच्या माऱ्यात कुरुंदवाडचा शिवलिंग तीनदा पाणी घेऊन डोंगर चढला, चौथ्यांदा आला न्हाय. हा शिवलिंग म्हणजे माझ्या भूमिकाचा पणजोबा! आता स्थळ पक्कंच, म्हणून रविवारी अंक घेऊन तिला मागणी घालायला गेलतो.

तिच्या आज्जांनी, चन्नाप्पांनी, त्या ओळी तीनदा वाचून घेतल्या आणि रत्नव्वा आज्जीकडं कात्री मागितली. तेवढंच कापून फ्रेममध्ये घालतो म्हणाले! आक्का, असा अख्खा अंक मी दुसरा बघितला न्हाय. मी तो हिसकावला, ह्या घरात कुणाला अक्कल न्हाय असं बोललो आणि चहा टाकून उठलो. तवापासून भूमिका फोन उचलंना, मग फोन ठेवून करू काय?

माझी चूक न्हाय. तू जाऊन त्यांना समजाव. दाजींना नमस्कार. लोभ नेहमीपेक्षा जरा जास्त धर, आज गरज हाय.

तुझा,
यशराज


जयसिंगपूर, ९ ऑक्टोबर

चि. यशराजास आक्काचे आशीर्वाद आणि एक धपाटा.

दाजी म्हणतात, तुझे मेसेज आता रंकाळ्यातले मासे वाचत असतील.

काल कुरुंदवाडला जाऊन आले. चन्नाप्पांनी तुझ्याबद्दल वाकडा शब्द काढला नाही. ते वर्षाचे असताना बाप गेला. बापाचा फोटो कधी काढलाच नव्हता, मरणाची खबर देणारा पलटणीचा कागद महापुरात गेला. देव्हाऱ्याशेजारी एक रिकामी चौकट आहे बघ. दर अमावास्येला तिलाच विभूती लावतात. तुला दिसली का रे ती?

भूमिका रडत नाही, चिडली आहे. तुला पेपरातली मेलेली माणसं दिसतात, समोर बसलेला म्हातारा दिसला नाही, असं सांग म्हणाली. मी तिच्याच बाजूची.

माया आहे म्हणून बोलते. पत्र फाडू नकोस, पुन्हा वाच.

तुझी,
आक्का


कोल्हापूर, १५ ऑक्टोबर

ती. आक्कास नमस्कार. घे, तू जिंकलीस.

काल गेलो, थेट आज्जांच्या पाया पडलो आणि अंक पुढं ठेवला. त्यांना अक्षर दिसत न्हाय, म्हणून कात्री माझ्याच हातात दिली. मी कात्री कागदाजवळ न्यायचो आणि परत मागं घ्यायचो. रत्नव्वा आज्जी म्हणाल्या, बाळाचं जावळ काढतोस का, काप की! कापलं. पाठीमागची केशतेलाची जाहिरातबी अर्धी गेली.

चौकट केवढी मोठी आणि तुकडा चार बोटांचा! भूमिकानं तो मधोमध चिकटवला. आज्जांनी काचेला विभूती लावली आणि पंच्याऐंशीव्या वर्षी नुसतं "अप्पा" म्हणाले. मी गार झालेला चहा सगळा प्यायलो.

तुळशीच्या लग्नानंतर बोलणी करायला घरच्यांना घेऊन या म्हणालेत. दाजींना फेटा काढून ठेवायला सांग. भूमिका अजून नीट बोलत न्हाय, पण वाटंपर्यंत सोडायला आलती.

उरलेला अंक पेटीत सगळ्यात वर ठेवलाय. जाणकार म्हणतील, भोक पडलेली रद्दी. म्हणू देत. सगळा संग्रह देईन, पण तेवढं भोक कुणाला देणार न्हाय.

धपाट्यासकट लोभ असाच राहू दे.

तुझा,
यशराज