सिल्व्हर पार्कला न उतरलेलं सामान

४ नोव्हेंबर, मंगळवार
आमचा ड्रायव्हर सलीमभाई दिवेलागणीला भरलेला टेम्पो तसाच परत घेऊन आला. म्हटलं, सामान उतरवलं नाही? तर म्हणाला, "भाभी, किसके घर में उतारूँ? मैडमच नहीं है."
लालबागच्या चाळीतून भरलेलं सामान. बाई एकट्या, साठीच्या. वसुधा परब. केबिनमध्ये त्याच्या शेजारी बसून आल्या. सिल्व्हर पार्कला नव्या फ्लॅटच्या बिल्डिंगखाली उतरल्या, "चावी घेऊन येते" म्हणाल्या. ते दुपारी. हा संध्याकाळपर्यंत थांबला. बाई आल्या नाहीत. फोन बंद.
विजय म्हणाला, "अगं, कुणा ओळखीच्याकडं बसल्या असतील. सकाळी येतील आपल्यालाच ओरडत."
नवऱ्याला कशाचंच काही वाटत नाही. गाडी ऑफिससमोर उभी केलीय, ताडपत्री बांधून.
बुकिंगला माझ्याशीच बोलल्या होत्या. आवाज शांत. "फार सामान नाहीये, पण जपून न्या."

५ नोव्हें., बुध.
आल्या नाहीत. सिल्व्हर पार्कला गेले. वॉचमन म्हणतो कोई नहीं आया. फ्लॅटचा एजंट जिग्नेशभाई भेटला. "मैं तो ऊपर ही बैठा था, पंखा लगवा रहा था. आंटी आईच नहीं." चावी त्याच्या खिशात होती. म्हणजे बाई वर गेल्याच नाहीत.
कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं कॅमेरा दाखवला. टेम्पोतून उतरतात. पदर सारखा करतात. वर बिल्डिंगकडं बघत उभ्या राहतात, बराच वेळ. मग गेटकडं न जाता उलट मेन रोडला लागतात. घाई नाही. मागं वळून बघत नाहीत. हातात फक्त पर्स.
परत परत लावायला सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "भाभी, हर बार वही दिखेगा."

६ नोव्हें., गुरु.
पोलीस स्टेशन. "तुम्ही त्यांच्या कोण?"
"टेम्पोवाले."
"टेम्पोवाले मिसिंग देत नाहीत मॅडम. नातेवाईक आणा."
नातेवाईक कुठून आणू? बुकिंगच्या फॉर्मवर त्या रकान्यात बाईंनी रेघ ओढलीय. शेवटी एक लेडी इन्स्पेक्टर आल्या, त्यांनी घेतली तक्रार. आधारची झेरॉक्स दिली, फोटो तेवढाच. काळा डाग आलाय चेहऱ्यावर. सामानाचं विचारलं तर म्हणाल्या, तुमच्या ताब्यात आहे, तुम्हीच सांभाळा. हलवायचंच झालं तर दोन साक्षीदार घ्या, व्हिडिओ काढा.
रिक्षात वि. म्हणाला, आपल्या फॉर्मवर सगळं आहे. माल पोहोचेपर्यंत जबाबदारी आपली, उतरवताना गिऱ्हाईक हजर पाहिजे. मी म्हटलं, आणि गिऱ्हाईकच नसेल तर? ते कुणी लिहीतच नाही. मालाचं लिहितात, फुटलं तर काय, भिजलं तर काय. शेजारी बसून आलेल्या माणसाचं...

८ नोव्हें., शनि.
लग्नाची बुकिंगं सुरू झालीत आणि दोनपैकी एक गाडी अडकलेली. वि. चिडचिड करतोय. मंडपवाल्याला नाही म्हणावं लागलं, तो नेहमीचा.
"छाया, आपण गोडाऊन नाही चालवत."
"मग रस्त्यावर ठेवू?"

दुपारी ऑफिसात एकटी. गाडीतून भांडी वाजल्यासारखा आवाज आला. गाडी तर बंद. रस्त्यावरनं डंपर जातात, हादरे बसतात, हे कळतं. तरी उठून ताडपत्रीला हात लावून आले. आत कुणी नाही हे माहीत असून हळूच म्हटलं, "वसुधाताई?" वेडेपणा.
स.भाई या गाडीच्या केबिनमध्ये बसायला तयार नाही. चहा प्यायलासुद्धा बाहेर उभा. म्हणतो सीटला बाईंच्या डोक्याच्या तेलाचा वास येतोय. मी हुंगून बघितलं. खोबरेल. येतोय खरा.

१० नोव्हें., सोम.
सामान उतरवलं. शेजारच्या इस्त्रीवाल्याचा मागचा गाळा रिकामा होता, दिला बिचाऱ्यानं. तो आणि पानवाला साक्षीदार. मी व्हिडिओ काढत होते.
एक खोका तळातून फाटला. आत पुरुषाचे शर्ट. इस्त्रीच्या कडक घड्या. कॉलर जुन्या पद्धतीच्या, लांब, पण कापड स्वच्छ, निळीचा वास. इस्त्रीवाल्यानं एक हातात घेतला आणि म्हणाला, ही इस्त्री ताजी आहे, आठवडाभरातली.
चाळीत बाई एकट्याच राहायच्या, असं स.भाई म्हणाला होता. मग शर्ट कुणाचे? दाढीचं सामानही होतं, नवं ब्लेड घातलेलं.
गाळ्याला कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडं. घरी बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलीय, हरवायला नको.

१३ नोव्हें., गुरु.
पोलिसांकडं काही नाही. हॉस्पिटलं बघितली म्हणतात.
मी रोज एक मेसेज टाकते त्यांच्या नंबरवर. "सामान सुरक्षित आहे." एकच टिक.
स.भाईला विचारलं, केबिनमध्ये काय बोलत होत्या, आठव. म्हणाला, एकच विचारत होत्या. कोणी जुन्या पत्त्यावर आलं तर त्याला नवा पत्ता कोण सांगणार? यानं सांगितलं, पडोसी बता देंगे. "बोली, पड़ोसी भी तो सब चले गए. फिर दहिसर तक एक शब्द नहीं."

१६ नोव्हें., रवि.
लालबागला जाऊन आलो, मी आणि वि. तो स्वतःहून आला.
चाळ पाडायला घेतलीय. लोक गेले, खिडक्यांच्या चौकटी काढून नेल्यात. एक मांजरेकर काकू तेवढ्या राहिल्यात, वसुधाताईंच्या शेजारच्या, त्याही महिनाअखेरीस जाणार. त्यांनी बसवून पाणी दिलं. बाई बेपत्ता झाल्याचं ऐकून रडल्या नाहीत. नुसत्या मान हलवत राहिल्या.
"सुधीरचे शर्ट ते," म्हणाल्या. धाकटा भाऊ. आईबाप गेल्यावर दोघंच होती. एका दुपारी चप्पल शिवून आणतो म्हणून उतरला तो आलाच नाही. भांडण नाही, काही नाही. त्या वेळी वसुधाताई तरुण होत्या. स्थळं आली, नाही म्हणाल्या. ऑफिसातून कुठं बदली होत होती, घेतली नाही. "येईल तेव्हा दाराला कुलूप नको, म्हणायची. बिल्डरचे कागद आले तर सगळ्यात शेवटी सही हिची. आम्हीच मागं लागलो हो. आमची घरं अडली होती."
मग खोली दाखवली. रिकामी. भिंतीवर कपाटाच्या जागी पांढरा चौकोन. निघताना वि. दारापाशी थांबला. मला हाक नाही मारली, नुसता हात केला.
दारावर बाहेरून ऑइलपेंटनं लिहिलंय, मोठ्या सुबक अक्षरात. सुधीर, सामान यांच्याकडे आहे. खाली आमचा नंबर आणि ऑफिसचा पत्ता. केबिन रोड, भाईंदर पूर्व.
काकू म्हणाल्या, टेम्पो यायच्या आधी सकाळी लिहीत होती. मला वाटलं तिचाच नवा पत्ता असेल.
टेम्पो यायच्या आधी. म्हणजे फ्लॅटचा पत्ता असूनही आमचा लिहिला. ठरवूनच निघाल्या होत्या? की तिथं वर बघत उभ्या असताना... कळत नाही.


१९ नोव्हें., बुध.
केबिन रोडला भाजी घेत होते. पुढं कॅमेऱ्यात होती तशी राखाडी साडी, तसाच अंबाडा, तशीच सावकाश चाल. पिशवी भाजीवाल्याकडं टाकून मागं गेले. दोन दुकानं पुढं खांद्याला हात लावला. भलत्याच बाई. गुजराती होत्या, घाबरल्या. "सॉरी, मासी."
परत आले तर भाजीवाल्यानं पिशवी भरून ठेवली होती. काय घेतलं ते घरी येऊन बघितलं.
मला त्या दिसल्या असत्या तर मी काय बोलले असते? घरी चला? कुठल्या?

२४ नोव्हें., सोम.
इस्त्रीवाल्याच्या भावाला गाळा हवाय. खरं आहे, किती दिवस मागायचा. मला वाटलं वि. आता म्हणणार, पोलिसांना देऊन टाकू सगळं. तो म्हणाला, मागच्या खोलीतले आपले जुने टायर काढू, तिथं बसेल.
आपणहून चाळीच्या ठेकेदाराला फोनही लावला होता त्यानं. मला नंतर स.भाईकडून कळलं. ते दार नका तोडू, मी न्यायला गाडी पाठवतो, असं म्हणाला. ठेकेदार म्हणाला, तो मजला अजून उभाय, आठवडाभर तरी हात लावत नाही.
दार इथं आणून काय होणार पण? ज्याला वाचायचंय तो तर तिथंच येणार ना. वि.ला हे म्हटलं. "मग राहू दे तिथंच, पडेपर्यंत," म्हणाला.

२८ नोव्हें., शुक्र.
मागची खोली झाडत होते, फोन पुढं चार्जिंगला. येऊन बघते तर मिस्ड कॉल, अनोळखी नंबर. रोज असे पन्नास येतात, टेम्पो मिळेल का विचारणारे. लावला.
लालबागचा चहावाला निघाला, चाळीच्या तोंडाशी टपरी आहे त्याची.
"मैंने नहीं किया मैडम. एक बुड्ढा आदमी था. ऊपर जाके आया, हाथ पे नंबर लिखा था, बोला लगा दो. रिंग गया तो बोला, रहने दो."
"कसा दिसत होता? कैसा दिखता था?"
"बूढ़ा था. और क्या बताऊँ."
"कुछ बोला?"
"पूछा भाईंदर कैसे जाते हैं. मैंने बता दिया."
बाहेर काढलेल्या टायरवर बसले.

२९ नोव्हें., शनि.
तोच असेल असं कशावरून. जुना भाडेकरू असेल, भंगारवाला असेल. इन्स्पेक्टर मॅडमना कळवलं, त्याही हेच म्हणाल्या. बाईंचा अजून पत्ता नाही.
तरी सामान मागच्या खोलीत आणून नीट लावलं. स.भाईनं पलंग जोडला, मी सांगितलं नव्हतं.
जेवताना वि. म्हणाला, "तोच आला तर द्यायचं सगळं? ओळखपत्र बघून?"
मी म्हटलं, "तो सामान नाही मागणार. ती कुठं आहे विचारेल."


३० नोव्हें., रवि.
सुट्टी, तरी ऑफिस उघडून बसलेय. दुपारपर्यंत कुणी नाही. समोर रिक्षा थांबली की उठून दारापर्यंत जाते. एक उतरले होते म्हातारे, चपला हातात घेऊन, पण ते सरळ पुढं निघून गेले, दवाखान्याच्या बाजूला. हाक मारावी का, ठरेपर्यंत वळले.
अजून उजेड आहे. थांबते थोडं.