पहिली आरोळी

मंगळवार, ४ नोव्हेंबर

घणाचं डोकं दांड्यातून निसटलं आणि थेट घोड्याच्या नडगीवर! हाड बाहेर आलं. पांढरंफेक. घोडा म्हणजे आमच्या तोडकामातला सगळ्यात धिप्पाड गडी, तोही आईच्या नावानं ओरडला. मुकादम म्हणाला, "गाडीत घाला त्याला. बाकीचे भिंतीला लागा." लागलो. समोरच्या गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालत होती. तिनं खाली बघितलंसुद्धा नाही.

आमच्या गल्लीत कुणाला ठेच लागली तरी दहा जणी पाणी घेऊन धावतात.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दादाचा फोन. गल्लीत मार बसला तो माणूस अजून दवाखान्यातच. शुद्ध नाही.

"पोलीस?"

"येतात, विचारतात, जातात. गल्लीचं तोंड बंद आहे. सगळे म्हणतात आम्ही घरात होतो. तू मात्र इकडं फिरकू नकोस. आणि वेळेवर जेव."

वा रे गल्ली! एकोणीस घरं — आणि तोंड एक!

रविवार, ९ नोव्हेंबर

सुट्टी. नुसता चालत सुटलो. एका जागी बसलो की हात शिवशिवतात.

पुलापलीकडं मोठ्या फाटकांची वस्ती. रखवालदार म्हणाला, "कुणाकडं?" म्हटलं कुणाकडंच नाही. "मग फूट!" पुढं पत्रे कापणाऱ्यांची आळी, तिथं बोललेलं ऐकूच येत नाही. मग बाजार. दोन हातगाडीवाल्यांची जागेवरून जुंपली होती. एकानं दुसऱ्याचं तोंड गाडीच्या कडेवर आपटलं. दात पडले. लोक वळसा घालून जात होते! एक म्हातारा तिथंच केळी निवडत होता. मी बघत उभा राहिलो. खोटं कशाला लिहू — बरं वाटलं बघायला.

इथं माणूस रस्त्यात मेला तरी कुणी विचारणार नाही. आमच्याकडं एक आरोळी पुरे.

तो माणूसही तसाच सापडला. भरदुपारी पिशवी घेऊन आला, प्रत्येक दारात डोकावत होता. कुणीतरी ओरडलं, चोर! सगळे बाहेर. मी दोन लाथा घातल्या. पायावर. फक्त पायावर. मग पिशवी उलटी केली तर तान्ह्या पोराची झबली आणि एक पत्ता. मुलीचं सासर शोधत होता. मागच्याच गल्लीत आहे ते घर.

सोमवार, १० नोव्हेंबर

दिवसभर विटा फोडल्या. त्याची बरगडी मोडली तेव्हा असाच आवाज आला होता. म्हणजे फक्त पायावर नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

काल लिहिता आलं नाही. बोटं सुजली होती.

काल फिरत फिरत एका वस्तीत शिरलो. हुबेहूब आमच्यासारखी! दारादारांत खुर्च्या, पायरीवर पत्त्यांचा डाव, एक बाई पोरीची वेणी घालत होती. ऊर भरून आला. एकेका दारात बघत चाललो.

"काय बघतोस रे?" बाई म्हणाली.

मी हसलो. तिथंच चुकलो.

हिरव्या बनियनातला एक जण उठला. "हाच तो! परवा सायकल नेली ती यानंच!"

मग काय! दारादारांतून माणसं. बादली, पट्टा, चप्पल — हाताला लागेल ते. मी ओरडतोय, "अहो मी कामगार आहे, नुसता बघायला आलोय!"

"बघायला? तुझ्या बापाचं घर आहे का?"

पट्ट्याचं बक्कल कानावर बसलं, कान अर्धा फाटला. तोंडात माती. कुणीतरी पाठीवर उभं राहिलं. वाटलं, संपलो. तेवढ्यात कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आला, हातात तापलेली इस्त्री. माझ्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभा राहिला. "या! पुढं या! आधी कुणाचं तोंड भाजू?"

मागं सरले सगळे.

त्यानं बकोट धरून मला रस्त्यापर्यंत आणलं. म्हटलं, "तुम्ही मला ओळखता?"

"नाही. आणि ओळखायचं पण नाही. चालता येतंय ना? मग चाल."

मंगळवार, १८ नोव्हेंबर

डावा डोळा उघडत नाही. ज्यांनी मारलं त्यातला एकही चेहरा आठवत नाही. हिरव्या बनियनवाल्याचा मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. तो ओरडला नसता तर ते पत्तेच खेळत बसले असते.

लिहूनच टाकतो. आमच्या गल्लीत 'चोर' म्हणून ओरडलो तो मी. कुणीतरी नाही. मी! त्यानं काहीच केलं नव्हतं. दुपार होती, कंटाळा आला होता. आणि माझ्या एका शब्दावर अख्खी गल्ली बाहेर आली तेव्हा — मजा वाटली मला.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

वहिनीचा फोन. तो माणूस काल गेला.

पोलिसांना एक नाव हवं होतं. गल्लीनं दिलं. दादाचं.

दादा त्या दुपारी गल्लीत नव्हताच! कारखान्यात होता. एकोणीसच्या एकोणीस घरांना ठाऊक आहे. "गल्लीवाले म्हणाले, तुमच्या घरातला एक पळाला, आता दुसरा द्या," वहिनी म्हणाली. रडली नाही. मला शिवीही दिली नाही.

घण मुकादमाकडं जमा केला. "कुठं निघालास?" म्हटलं, पोलीस ठाण्यात. त्यानं माझा कान बघितला. त्याला वाटलं, ज्यांनी मला मारलं त्यांची तक्रार द्यायला चाललोय. त्यानं हात धुतले, सदरा चढवला. म्हणाला, "थांब. एकटा जाऊ नकोस, मी येतो."