मी असं म्हटलंच नव्हतं

प्रिय ढब्या,

सभागृहात तुला सगळे सर म्हणतात, मला ठाऊक आहे. मी ढब्याच म्हणणार. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मधेच "आई, शांत हो, श्वास घे" म्हणतोस आणि मला काय बोलायचं होतं तेच राहून जातं. श्वास मी घेतेच आहे. तू वाच.

शेजारची शिवणवाली परवा मोबाईल घेऊन आली. म्हणाली, काकू, तुम्ही तर प्रसिद्ध झालात. बघते तर तुझं भाषण, रोजच्या क्षणांतलं अध्यात्म आणि ऋतूंची शिकवण. अंगात पांढरा सदरा, मागे पानगळीचं भलंमोठं चित्र, कोपऱ्यात कुणीतरी बासरी वाजवतोय. आणि तू सांगत होतास, माझे वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हा आई त्यांच्या चादरी धूत असायची, चेहऱ्यावर अपार शांती. मी विचारलं, आई, तू थकत नाहीस? ती म्हणाली, बाळा, हेच माझं ध्यान. लोकांनी डोळे पुसले. शिवणवालीनेही पुसले. मी चहा टाकायला म्हणून आत गेले आणि ओटा धरून उभी राहिले, इतका संताप आला होता.

मी असं कधी म्हटलं रे? शाळेच्या ऑफिसात जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं टाईप केली, पण माझ्या तोंडात कुणी वाक्य कोंबलं नव्हतं. ते पोटच्या पोराने केलं. आणि बाळा? बाळा मी तुला पाळण्यातसुद्धा म्हटलं नाही. त्या दिवसांत मी ध्यान दिसत होते, एवढंच काय ते खरं. केस विस्कटलेले, बाबांचा जुना शर्ट साडीवर चढवलेला.

तू त्या आजारपणात दोनदा आलास. पहिल्यांदा थंडीत, संत्री आणि 'मृत्यूला सामोरं कसं जावं' असलं एक पुस्तक घेऊन. बाबांनी पुस्तक उलटंपालटं करून बांधणी पाहिली, छापखान्यातला माणूस तो, आणि म्हणाले, शिलाई कच्ची आहे. दुसऱ्यांदा पावसात आलास, तेव्हा खोलीच्या दारातच थांबलास. वासाने तुझा हात नाकाकडे गेला आणि मग तू मिशी खाजवल्यासारखं केलंस. मी पाहिलं. बाबांनीही पाहिलं. नंतर तू गॅलरीत फोनवर बोलत राहिलास. मी चादर धुताना तू मोरीपर्यंत आलाच नाहीस, मग माझ्या चेहऱ्यावरची शांती दिसली कुठून?

थंडीत चादरी वाळायच्या नाहीत. खुर्च्यांवर, दारांवर, कपाटाच्या कडीला, जिथे जागा मिळेल तिथे टाकायचे. घरात चालायचं म्हणजे ओले पडदे बाजूला सारत चालायचं. अर्धवट ओल्यावर इस्त्री फिरवली की फ्यूज उडायचा. बाबा ओरडायचे, मी त्यांच्यावर ओरडायचे. मग नळ मोठा सोडून मोरीत बसायचे आणि एकेकाला शिव्या घालायचे. पहिला नंबर तुझा असायचा.

आता एक सांगते, जे कुणालाच सांगितलेलं नाही. उन्हाळा लागला, चादरी गच्चीवर तासाभरात कडक व्हायला लागल्या. एका दुपारी मी तशीच तापलेली चादर आणून बाबांच्या खाली सारली. ते कित्येक दिवस नीट बोलत नव्हते. पाठ टेकल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, ऊन आलं. बस, एवढंच. मी पलंगाच्या कडेला बसले. त्यांनी माझा तळहात चादरीवर दाबून धरला, मलाही ते ऊन कळावं म्हणून. पाठीला घामाने ब्लाऊज चिकटला होता, दूध उतू जात होतं, तरी मी उठले नाही. तुझ्या भाषणातलं ते जे काय असतं, ते हेच असेल तर असेल. पण बासरी नव्हती. आणि त्यासाठी आधीच्या सगळ्या ओल्या चादरी लागल्या होत्या.

पुढच्या थंडीत, पानं गळायला लागल्यावर बाबा गेले. तू सांगितलंस, झाडाने पान सोडावं तसे अलगद गेले. तू नव्हतास तिथे. मी होते. ते अलगद बिलगद काही गेले नाहीत. त्यांना उठून बसायचं होतं. माझं मनगट दोन्ही हातांनी असं घट्ट धरलं होतं की नंतर काळं-निळं पडलं. त्यांना जायचं नव्हतं, ढब्या. अजून जगायचं होतं. मला त्यांचा फार अभिमान वाटला. त्या माणसाचं तू वाळकं पान केलंस.

तुला हे खोटं का सांगावं लागतं, याचा मी रात्रभर विचार केला. तुझ्याजवळ बाबांचं त्या दिवसांतलं काहीच नाही, म्हणून तू मनाने रचलंस. कीव आली, पण राग गेला नाही.

आता लिहायचं कारण. माझा खुबा झिजलाय. पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया आहे, आणि त्यानंतर बरेच दिवस मला एकटीने संडासलाही जाता येणार नाही. डॉक्टरीणबाईंनी फॉर्म भरताना विचारलं, जवळ कोण राहणार? शिवणवाली मी राहते म्हणत होती. मी तिला गप्प केलं आणि तुझं नाव सांगितलं, तुला न विचारता. नर्स पाठवू नकोस, पैसे पाठवू नकोस. सुट्टी काढ आणि ये. मी चिडेन, ओरडेन, तूही ओरड. पण या वेळी दारात थांबू नकोस, आत ये.

तुझीच,
आई