स्वच्छ रक्ताची काच

नाशिक,
१४ नोव्हेंबर १९७९

प्रिय सिंधू,

तुझं पत्र तीनदा वाचलं. श्रावणात पोटाचं ऑपरेशन झालं, तू हिंडूफिरू लागलीस आणि दसऱ्यापासून हा ताप. विंचूरच्या डॉक्टरांनी टायफॉइडची औषधं दिली, गुण नाही. त्यात विहीणबाई म्हणतात, एक दिवस गोधडीत अन् दोन दिवस ठणठणीत, असला कुठं ताप असतो का, ही कामं चुकवायची सोंगं! आता जावईबापूही तसंच बोलतात, हे वाचून घास गोड लागेना.

तरी इकडची नवलाई ऐक. चौदा वर्षं मी मलेरियाच्या खात्यात दारोदार लोकांची बोटं टोचतोय, काचेवर थेंब घेतोय. पण त्या थेंबात दिसतं काय, ते कधी पाहिलं नव्हतं. परवा आमच्या तपासणीखोलीत काचा तपासणाऱ्या झुंबर नावाच्या पोराच्या मागंच लागलो, शिकव मला. तो म्हणाला, काका, आधी स्वच्छ रक्त बघा, म्हणजे आजारी ओळखता येईल. स्वच्छ म्हणून मी माझंच बोट पुढं केलं. मायक्रोस्कोपला डोळा लावला. अगं, काय दुनिया आहे ती! बत्ताशांसारख्या गोल गोल पेशी. एकीच्या पोटावर मात्र करदोट्यासारखा निळसर पट्टा. म्हटलं, ही बरी नटलीय! झुंबर हसला नाही. त्यानं विचारलं, काका, तुम्हाला कधी हिवताप झाला होता? झाला होता, वीस वर्षांपूर्वी, पेठला रस्त्याच्या कामावर असताना. दोन दिवस सोडून हुडहुडी भरायची. मग ताप गेला, मी विसरलो. तो पट्टा म्हणजे त्याचाच जंतू, अजून गुपचूप रक्तात मुक्काम ठोकून बसलाय. फ्रीजमधल्या बाटलीतल्या रक्तातही तो कित्येक दिवस तग धरतो म्हणे. झुंबरनं पुस्तक उघडून दाखवलं.

पोरी, ऑपरेशनच्या वेळी तुला चढवलेली बाटली माझ्या रक्ताची होती. रक्त घेताना त्यांनी अलीकडे ताप आला होता का, विचारलं. नाही म्हणालो, ते खरंच होतं. काल तुझ्या पत्रातल्या तारखा मांडल्या: दोन, पाच, आठ. हा माझाच ताप. घाबरू नकोस, गोळ्यांनी जातो. मीही सुरू केल्यात. त्याच हिशोबानं येत्या शनिवारी, सतराला, तुला हुडहुडी भरणार. पत्र मिळताच विहीणबाईंना हे सांगून ठेव. मी त्याच दिवशी सकाळच्या एस.टी.नं काचा अन् सुई घेऊन येतोय. त्यांच्यासमोर तुझं बोट टोचीन, आणि लेकीला हे दुखणं मी दिलंय, हे माझ्याच तोंडानं सांगीन.

तुझाच,
अप्पा