कडी कुठे होती

४ फेब्रुवारी
भाची सिनेमा काढतेच आहे! विषय आमची आई. नाव बदलून, पण आईच. मागच्या खेपेला तिला कपाटाची गोष्ट सांगितली होती, तिथून तिच्या डोक्यात बसलं. आज म्हणाली, "मामा, सेटवरचं कपाट तूच कर. सुतार तू, आणि आत बसलेलाही तूच."
हो म्हणालो. आता बघतो आई कशी म्हणते, "असलं काही झालंच नाही!"

५ फेब्रुवारी
धाकटीचा, म्हणजे भाचीच्या आईचा फोन. "दादा, लाज नाही वाटत? मामा-भाची मिळून म्हातारीची धिंड काढताय!" मी म्हटलं, तुला काय माहीत, तू तेव्हा कडेवर होतीस. कडेवरून सगळं जग गोडच दिसतं. फोन आपटला तिने. आपटू दे. स्वतःच्या लेकीला आवर म्हणावं आधी.

९ फेब्रुवारी
माप मनातूनच काढलं. आतलं सगळं पाठ आहे. डांबरगोळ्यांचा वास. गुडघे हनुवटीला. मागच्या फळीत एक गाठ होती, ती नखाने कोरत बसायचो. वडील फिरतीवर. आईचं डोकं फिरलं की मला आत ढकलायची, बाहेरून कडी घालायची. ओरडून ओरडून घसा बसायचा. मग कधीतरी दार उघडायचं, आणि जेवायला वाढलेलं असायचं. जसं काही झालंच नाही!
जन्मभर लोकांना कपाटं करून दिली. माझ्या घरात दाराचं एकही नाही, कपडे उघड्या फळीवर. बाथरूमला आतून कडी लावत नाही, खोकत बसतो. सून म्हणते, "बाबा, तुमच्या खोकल्याला औषध नको, बोल्ट हवा." हसू दे.

१२ फेब्रुवारी
अडलो. कडी कुठे होती? आठवत नाही! त्या कपाटासमोरून जाताना मी मान फिरवून जायचो, बाहेरून धड पाहिलंच नाही कधी. आत असताना फक्त आवाज. खट्! अगदी कानाशी.
शेवटी आईला विचारलं. शेंगा सोलत होती. म्हणाली, "कपाट? आपल्याकडे कुठलं कपाट! खुंट्या होत्या भिंतीला." वर डोळेसुद्धा केले नाहीत. धडधडीत खोटं! उठून गेलो.
कडी लावली छातीच्या उंचीवर, सगळ्या कपाटांना लावतो तशीच. चुकली असेल का? भाची म्हणते, "मामा, लोक काय कडी बघायला येणार आहेत?" तिला काय कळतंय.

२० मार्च
शूटिंगला गेलो. नटी आईपेक्षा देखणी. पोराला आत ढकललं आणि खट्! मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो. पाणी प्यायलो. पण बरं वाटलं. फार बरं वाटलं! आता सगळं गाव बघेल.

१५ सप्टेंबर
उद्या सिनेमा. आईला एवढंच सांगितलंय, नातीने काढलाय. ठेवणीतले कपडे काढून बसलीय, पोरीसारखी.
मला एकच घोर. तिला मध्येच लघवीला लागली तर? नेमका तोच प्रसंग चुकायचा! भाचीने तिच्यासाठी कडेची खुर्ची ठेवली होती. मी बदलून मधली मागितली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला धाकटी. उठून जाता यायला नको. मला कुठे जाता येत होतं?

१६ सप्टेंबर
पडद्याकडे बघितलंच नाही. आईच्या तोंडाकडे बघत होतो.
नटीने कडी घातली. आई मोठ्याने म्हणाली, "कसली बाई आहे ही! पोटच्या पोराला असं कोंडतं का कुणी? फटके द्या हिला!" पुढच्या रांगेतले हसले. धाकटी तोंडात पदर कोंबून रडत होती. आई ढिम्म.
बाहेर आल्यावर म्हणाली, "छान झालाय. पाय आखडले माझे."
थेरडी! लिहायला नको होतं. लिहिलं. खोडणार नाही.

१७ सप्टेंबर
तिच्याशी बोललो नाही. औषधाच्या गोळ्या ताटाशेजारी ठेवल्या, आणि उठलो.

१९ सप्टेंबर
सकाळी फळीला रंधा मारत होतो. आई मागे येऊन उभी राहिली. मला वाटलं, चहा हवा असेल.
"मोठ्या, कडी चुकवलीस तू."
"कसली कडी?"
"वर कुठे होती? तळाशी होती ती. पायाने सरकवायचे मी. कडेवर धाकटी असायची ना."
रंधा तसाच हातात राहिला. तळाशी. मी आत खाली मुटकुळं करून, म्हणून तो आवाज कानाशी!
"म्हणजे आठवतंय तुला," मी म्हटलं.
"न आठवायला काय झालं? वेडी होते मी तेव्हा. विसरभोळी नव्हते."