बाबांच्या तुकडीतली दुभाषी

४ मे, शनिवार

नापास! म्हणजे खरीखुरी नव्हे — आज नुसता सराव पेपर होता. पण सरावातसुद्धा नापास व्हायला अंगात काहीतरी असावं लागतं! थोरलीने गुण मोजले आणि पोट धरून हसत सुटली. "तिसरे, मानलं तुला. सातत्य आहे तुझ्यात!"

खोलीत आम्ही पहिल्याच दिवशी वयाप्रमाणे नंबर लावून टाकले होते — थोरली, दुसरी, तिसरी, धाकटी. चार वर्षांत कुणी कुणाला खऱ्या नावाने हाक मारलेली नाही. दुसरीला नोकरी लागली, ती शेन्झेनला गेली. थोरली आणि धाकटी इंग्रजीची चौथी पातळी केव्हाच पास होऊन बसल्यात. मी मात्र दर जूनला आणि दर डिसेंबरला नेमाने जाते, पेपर देते आणि नेमाने आपटते. हा शेवटचा जून. कॉलेज संपलं की ही परीक्षा देताच येत नाही.

आणि तरी मी आज खोलीभर नाचतेय! का ते उद्या लिहीन. धाकटी जेवायला ओढतेय.

५ मे, रविवार

छ्यूकाका हो म्हणाले!!

छ्यूकाका म्हणजे बाबांच्या कंदील-कारखान्याचे मालक. दर हिवाळ्यात ते आमच्या झिगोंगच्या कारागिरांची तुकडी युरोपात पाठवतात, तिकडच्या बागांमध्ये घराएवढे कंदील उभे करायला. ड्रॅगन, मोर, हत्ती, काय वाट्टेल ते. बाबा तारेचे सांगाडे वाकवतात. ऑक्टोबरात जातात आणि परत येतात तोवर आमचं नवं वर्ष उलटून गेलेलं असतं. मी लहान असल्यापासून नव्या वर्षाच्या जेवणाला बाबा म्हणजे फोन. आधी नुसता आवाज होता, आता चेहराही दिसतो. आई फोन सोयाच्या बाटलीला टेकून उभा करते आणि त्याच्यापुढे मिरच्यांत परतलेल्या सशाच्या मटणाची वाटी ठेवते! बाबा तिकडून म्हणतात, "वा, काय झालाय!" आम्ही हसतो. मग फोन बंद झाला की आई ती वाटी माझ्याकडे सरकवते आणि मला ती मुळीच जात नाही.

तर — यंदा तुकडीला दुभाषी हवाय. मी गेले आणि छ्यूकाकांच्या टेबलापुढे उभी राहिले. म्हणाले, "तोंडाने कितीही चुरूचुरू बोल गं, तिकडच्यांना कागद लागतो. चौथी पातळी पास हो, जागा तुझी." मी लगेच त्यांना शपथ घातली, बाबांना एक अक्षर सांगायचं नाही! इतक्यांदा आपटलेय की आधी सांगायला लाज वाटते. पास झाले की एकदम पुढ्यात जाऊन उभी राहीन. बाबांच्या तुकडीत! नव्या वर्षाला बाबांच्या ताटाशेजारी माझं ताट!

छ्यूकाका काहीतरी बोलायला गेले, मग थांबले, डोकं खाजवलं. "बरं बाई. शपथ तर शपथ."

८ मे, बुधवार

शब्दांचं पुस्तक उघडलं. वर्णक्रमाने लावलेले शब्द, त्यातला पहिलाच 'अबॅन्डन', म्हणजे 'सोडून देणे'. माझ्यासारख्या सगळ्यांचा हाच एक शब्द पाठ असतो, कारण दर वेळी नव्या जोमाने पहिल्या पानापासून सुरुवात करायची आणि तिसऱ्या पानावर पुस्तक मिटायचं. आज धाकटीने सरळ ते पहिलं पान फाडलं आणि चुरगळून टोपलीत टाकलं. "आता सोडून द्यायची सोयच नाही!"

पुस्तक कॉलेजच्या वाचनालयाचं होतं!

१७ मे, शुक्रवार

सकाळी तळ्याकाठी मोठ्याने वाचायला जाते. तिथे सगळेच मोठ्याने वाचतात, एकेक झाड धरून. माझं झाड बाथरूमच्या बाजूचं, कारण मी उशिरा पोचते. शेजारच्या झाडाखालचा गणिताचा पोरगा इतका ओरडतो की मी त्याचाच धडा पाठ करून बसलेय. आज पहारेकरी काका आले आणि म्हणाले, "पोरी, तू भांडतेयस का वाचतेयस?"

"वाचतेय, काका!"

"मग जरा हसून वाच. समोरच्या माणसाला भीती वाटते."

हसून वाचलं. खरंच बरं वाटतं! गणितवाला बघायला लागला. आता रोज हसूनच वाचणार.

२६ मे, रविवार

घरी गेले होते. बाबा अंगणात तार वाकवत बसलेले. मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "तिकडे भाषेवाचून तुमचं काय होतं हो?"

बाबांना तेवढंच हवं होतं! म्हणे गेल्या हिवाळ्यात रेशमी कापड चिकटवायचा गोंद संपला. बाबा आणि रंगवाले लुओकाका दुकानात गेले. बाबांनी बोटं एकमेकांना चिकटवून दाखवली, ओढून दाखवली, सुटतच नाहीत असं तोंड केलं. दुकानदारीण बाईंना वाटलं बोटं दुखतायत. त्यांनी बाबांना खुर्चीत बसवलं, हाताला मलम चोळलं आणि वर कॉफी पाजली! लुओकाका बाजूला उभे राहून फोटो काढत होते. "मलम चांगलं होतं पण," बाबा म्हणाले. "थंडीत फार उपयोगी पडलं."

मी हसता हसता जवळजवळ बोलून गेले — यंदा मी असेन ना! जीभ चावली. अक्षरशः चावली, रक्त आलं.

निघताना बाबांनी विचारलं, "सामान घेऊन कायमची कधी येतेस?" जूनच्या शेवटी, म्हटलं. "नक्की ना? नक्की?" दोनदा विचारलं. बाबा पण आज भलतेच खुशीत होते.

२ जून, रविवार

निबंधाचा साचा मिळाला! थोरलीचा आहे, तिने याच साच्यावर चौथी आणि सहावी दोन्ही पातळ्या मारल्या. विषय कुठलाही येवो, वाक्यं तीच. विषयाच्या जागी तिने फुल्या मारल्यात. "सर्वांना माहीतच आहे की आजच्या धावत्या जगात फुलीफुलीला अनन्यसाधारण महत्त्व आहे." शेवटी, "म्हणूनच चला, आजपासूनच आपण सारे फुलीफुलीचा अंगीकार करू या!" परीक्षेत फुल्यांच्या जागी विषय घालायचा की झालं.

दिवसभर म्हणतेय. नळावर, जिन्यात, भाताच्या रांगेत. धाकटीपण म्हणायला लागलीय. संध्याकाळी कॅन्टीनमध्ये तिने नूडल्सवाल्या मावशींना सांगितलं, "मावशी, आजच्या धावत्या जगात तिखटाला अनन्यसाधारण महत्त्व आहे." मावशींनी तिला दुप्पट तिखट घातलं. रडत रडत खाल्लं तिने!

१० जून, सोमवार

ड्रॅगन-नौकांचा सण. आईने पानातल्या भाताच्या पुरचुंड्या केल्या. मी किती खाल्ल्या ते लिहीत नाही.

बाबा एक छोटा कंदील करतायत. गोल, साधाच. कुणाची ऑर्डर म्हणून विचारलं तर म्हणाले, "आपल्याच दाराला. जगभर लावत फिरलो, घराला कधी केलाच नाही." आई म्हणाली, "सुचलं एकदाचं!" मला इतकं हसू यायला लागलं की मी आत पळाले. मनात म्हटलं, लावा लावा, आपण दोघं तिकडे असू आणि आई लावेल दाराला. मग आईचं वाईट वाटलं. तिच्यासाठी तिकडून काहीतरी मोठ्ठं आणायचं.

१३ जून, गुरुवार

कानयंत्राची, म्हणजे हेडफोनची, चाचणी! परीक्षेत ऐकायचा भाग कॉलेजच्या रेडिओवरून येतो, प्रत्येकीने आपापलं रेडिओचं कानयंत्र लावून ऐकायचं. आज दुपारी त्यांनी सगळ्यांसाठी जुना पेपर वाजवला. वसतिगृहाच्या खिडक्या-खिडक्यांत पोरी डोक्यावर यंत्र चढवून गप्प उभ्या — कुणी हसतेय, कुणी मान डोलावतेय, कुणी आकाशाकडे बघतेय. खालून जाणारा एक पार्सलवाला थबकून वर बघत राहिला.

माझ्या यंत्रात इंग्रजीच्या जागी आमच्या स्छ्वान प्रांताचा ऑपेरा! मी खिडकी सोडून कपडे वाळत घालायच्या गच्चीवर, तिथून पाण्याच्या टाकीमागे, तिथून एका पायावर. एका पायावर स्वच्छ इंग्रजी येतं! थोरली म्हणाली, "परीक्षकांना सांग, माझ्या दुसऱ्या पायाला मनाई आहे." मग तिने स्वतःचं यंत्र दिलं मला. नव्या बॅटऱ्या घालून.

१५ जून, शनिवार

पुढचं सगळं नीट लिहिते.

सकाळी धाकटीने एक तळलेली पिठाची काडी आणि दोन अंडी पुढ्यात ठेवली — एकापुढे दोन शून्यं, शंभर! वास्तविक ही परीक्षा शंभरांची नाहीच, पण खाल्लं. थोरलीने दाराशी ओरडून "विजयी भव" केलं, सगळा मजला बाहेर आला.

निबंधाचा विषय आला: व्यायाम. आहा! साचा असा धावत सुटला की पेन मागे पडलं. मग ऐकणं — थोरलीच्या यंत्रात घंटेसारखं स्पष्ट! मी एकदाही घाबरले नाही. ऐकणं संपलं, ते पहिले कागद गोळा करून घेऊन गेले. वाचनाचे उतारे झाले. भाषांतराला कंदील यावेत म्हणून मी देवाला इतकं सांगितलं होतं, आला पूल! कमानी, खांब, नदी. एकाही शब्दाची ओळख नाही. मी खांबांना "पुलाचे पाय" लिहिलं.

आणि पुलाचे पाय लिहीत असताना, कुणीतरी थंड पाणी ओतावं तसं, निबंधाचा शेवट आठवला. मी लिहिलंय — "म्हणूनच चला, आजपासूनच आपण सारे फुलीफुलीचा अंगीकार करू या!"

फुलीफुलीचा! तसंच! दोन फुल्या काढून! आणि तो कागद केव्हाच गोळा झालेला!!

१६ जून, रविवार

थोरलीला सांगितलं. ती हळूच म्हणाली, "किती ठिकाणी?"

"शेवटी एकदाच. बाकी सगळीकडे व्यायाम."

"नक्की?"

नक्की कुठे माहितीय मला! दोघी माझ्याकडे बघत बसल्या. धाकटी ओठ दाबत होती, दाबत होती — आणि फुटली. मग थोरली. मग मी. हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग ते थांबेचना. थोरलीने डोकं मांडीवर घेतलं. म्हणाली, "परीक्षकालाही आज कुणीतरी हसवायला हवंच होतं, तिसरे."

बाबांच्या ताटाशेजारची जागा मी दोन फुल्यांनी घालवली का?

२६ जून, बुधवार

काळे झगे, टोप्या हवेत, फोटो. धाकटीची टोपी तळ्यात पडली. गणितवाल्याने बूट काढून आत उतरून आणली आणि तिला दिली. मला नाही, तिला! रोज सकाळी हसून वाचलं मी!

तिघी स्टेशनावर रडलो. मी तर याच गावची, मला कुठे जायचं होतं! तरी रडले.

१८ जुलै, गुरुवार

घर. उकाडा. बाबा दर जेवणाला विचारतात, "काय, बरं वाटतंय ना घरी?" खूप बरं वाटतंय. निकाल ऑगस्टात. छ्यूकाका रस्त्यात भेटले की दुसरीकडे बघतात. मी पडणार असंच धरून चाललेत बहुतेक.

२२ ऑगस्ट, गुरुवार

पास!!!

काठावर! अगदी काठावर, एक पाय पाण्यात! पण पास!! नंबर तीनदा घातला. मग धाकटीने तिकडून स्वतःच्या फोनवर घातला. मग थोरलीने. सगळीकडे पास! फुलीफुलीचा अंगीकार करूनसुद्धा पास!!

थोरली फोनवर ओरडली, "तिसरे! तू बाबांबरोबर जाणार!" धाकटी नुसती किंचाळत होती. मी अंगणात धावले, परत आत धावले, चपला उलट्या घातल्या. छ्यूकाकांकडे पळत गेले, त्यांच्यापुढे फोन धरला. ते बराच वेळ बघत राहिले. कराराचा कागद काढला, मी सही केली — माझी सगळ्यात सुंदर सही! म्हणाले, "उद्या सकाळी मी येतो घरी. मी आल्याशिवाय बाबांना सांगू नकोस." वा! काकांनाही गंमत बघायचीय! आज बाबांसमोर जेवताना मी फक्त भाताकडे बघत होते. बाबा म्हणाले, "पोरगी आज लाजतेय कशाला?"

२३ ऑगस्ट, शुक्रवार

बाबा जाणार नाहीत.

एप्रिलमध्येच त्यांनी छ्यूकाकांना सांगून टाकलं होतं — पोरगी कॉलेज संपवून घरी येतेय, आता बाहेरचं पुरे, यंदाचं नवं वर्ष तिच्याबरोबर घरी. आणि मला कळू द्यायचं नाही म्हणून त्यांनीही शपथ घातली होती. त्यांच्या जागी दुसरा तारवाला ठरलाय, त्याचा व्हिसासुद्धा झाला. छ्यूकाका मान खाली घालून म्हणाले, "दोघांच्या शपथा, मी काय करणार? आणि खरं सांगू पोरी, मला वाटलं, तू काही पास व्हायची नाहीस."

मी म्हटलं, मी जात नाही. बाबा म्हणाले, "गप. सही केलीस ना? जायचं." मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसायलाच लागलो. हसता हसता बाबा उठले, सिगरेट ओढून येतो म्हणाले आणि बाहेर गेले. सिगरेट तर त्यांनी केव्हाच सोडलीय.