लहानथोर: एक शब्द की दोन?

रविवार, ५ फेब्रुवारी

घड्याळवाले काका मुलीकडे परदेशी गेले — कायमचे! आमच्या सिनेगॉगमध्ये आता पुरुष उरले नऊ. सामूहिक प्रार्थनेला दहा लागतात, तेही तेरा वर्षांवरचे आणि पुरुषच. वरच्या सज्जात आम्ही चौदा जणी बसतो. पण आम्ही गणतीत नाही. आत्या म्हणते, "आपण पडद्यांसारख्या. असाव्या लागतात, मोजत कोणी नाही."

आणि नेमके याच शनिवारी मोठ्या शहरातून सगळ्या सिनेगॉगांच्या मंडळाचे साहेब पाहणीला येत आहेत. पत्रात स्वच्छ लिहिले आहे: गणतीत मला धरू नका, तुमचे दहा दाखवा. नाहीतर तोराची, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी ते घेऊन जाणार आणि आमच्या दाराला कुलूप. एकशे बारा वर्षांचे दार!

मंगळवार, ७ फेब्रुवारी

साहेबांना देण्यासाठी समाजाचा इतिहास मी लिहावा, असे ठरले. बोर्डात मराठीत पहिली आल्याची ही शिक्षा. वाचून दाखवायला सांगितले नाही, हे नशीब. चार माणसांपुढे माझी दातखीळ बसते.

लिहिले: सात कुटुंबे, भाड्याची एक खोली, मग ही इमारत. बाके एका सुताराने फुकट करून दिली, मात्र पहिल्या बाकावर कायमची जागा मागून घेतली — ठेंगणा होता, मागून काही दिसत नसे. त्याचे पणतू, म्हणजे माझे बाबा, म्हणाले, "हे गाळ."

गाळणार नाही.

बुधवार, ८ फेब्रुवारी

आमच्यात प्रार्थनेला जमलेली माणसे आकड्यांनी मोजत नाहीत. म्हणून सिनेगॉगची देखरेख करणारे माझे चुलतआजोबा दाराजवळच्या पाटीवरचे दहा शब्दांचे वाक्य म्हणतात. एका माणसाला एक शब्द. शेवटच्या शब्दाला माणूस मिळाला, की प्रार्थना सुरू.

"देवा, तुझ्या दारी आलेल्या सगळ्या लहान थोर लेकरांना सुखात ठेव."

पाटीचा रंग उडाला आहे. आजोबा म्हणाले, "नव्यानं रंगवून दे गं. आणि काही अशुद्ध असेल तर बघ. बाहेरचा माणूस येतोय, शोभा नको."

अशुद्ध आहेच! 'लहान थोर' हा द्वंद्व समास. सामासिक शब्द जोडून लिहावा. हा नियम काही मी केलेला नाही.

ब्रश हातात धरून बराच वेळ बसले. मग जोडून लिहिले — लहानथोर.

रविवार, १२ फेब्रुवारी

काल शनिवार, आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस, लिहिणे वर्ज्य. दिवसभर पोटात गुदगुल्या दाबून बसले होते!

आजोबा पाटीसमोर उभे राहिले. "देवा" — हात स्वतःच्या छातीवर. मग एकेक शब्द वाटत निघाले. "लहानथोर" बाबांच्या टकलावर पडला. आणि "ठेव" अगदी बरोबर शिंपीकाकांवर, नवव्या आणि शेवटच्या पुरुषावर, येऊन टेकला.

साहेबांच्या कपाळाला आठी. त्यांनी बोट उचलले. "एक, दोन..."

"साहेब!" आजोबा कडाडले. "जित्या माणसांना आकडे लावता? देवाच्या घरात?"

बोट मुकाट्याने खिशात गेले. साहेब पाटीकडे वळले. "शब्द बरोबर आहेत ना हो?"

"आमची नात मराठीत बोर्डात पहिली आलीय. तिनं तपासलंय."

साहेबांनी वर पाहिले. मी आईच्या पाठीआड. कानापर्यंत लाल झाले होते. त्यांना तो विनय वाटला असावा.

आज शेरा आला: 'गणती रीतीप्रमाणे पूर्ण.' गुंडाळी जागच्या जागी!

सोमवार, १३ फेब्रुवारी

झोप नाही. साहेबांना फसवले त्याचे काही वाटत नाही. पण आजोबा सत्तर वर्षे ते वाक्य म्हणत आले आहेत, आणि मी त्यांच्याच तोंडून खोटे वदवले. नऊ जणांची प्रार्थना वर पोचली असेल का? देव व्याकरण मानतो, एवढाच आधार.

आजोबांना सांगून टाकायलाच हवे. उद्या.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

उद्या.

रविवार, १९ फेब्रुवारी

काल शिंपीकाकांना ताप होता. खाली आठच. आजोबा जिन्याशी आले, वर माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, "अगं, अजून एखादा समास होतोय का बघ."